गालिच्याच्या रंगाचा फेटा

मित्रांनो, मी एक जुना फेटा. नुसता ‘जुना’ म्हणालात तर मला वाईट वाटणार नाही. ‘थकलेला’ म्हणालात तर उलट बरेच वाटेल. निदान कोणाच्या तरी ते लक्षात आले, असे म्हणता येईल. फेट्याकडे बघून लोक म्हणतात, काय ऐट, काय रुबाब! फेटा दमतो, असे कोणी म्हणत नाही. पण ज्याचे जळते त्याला कळते.

माझा जन्म मागावर झाला. विणकर म्हातारा होता आणि त्याला खोकल्याची उबळ यायची. उबळ आली की त्याचा हात थांबे. म्हणून माझ्या विणीत मधूनच एखादी आडवी ओळ विरळ राहून गेली आहे. त्याची सून म्हणे, “मामंजी, हे उसवून पुन्हा विणा.” तो म्हणे, “राहू दे ग. बांधल्यावर कोणाला दिसतंय?” मला रंग दिलेला नव्हता. कोऱ्या पांढऱ्या अंगानेच मी दुकानात आलो.

दुकानाच्या फळीवर माझ्या आधीपासून बरेच फेटे पडून होते. तिथे मला आमच्या कुळाचे शहाणपण मिळाले. हमालाचा फेटा चपटा आणि जाड असतो, कारण त्यावर ओझे बसायचे असते. गाडीवान कान झाकून बांधतो, त्याला वारा लागतो. आनंदाला भडक रंग लागतो, दुःखाला पांढरा. दोन मित्रांनी फेटे बदलले की ते भाऊ झाले. रागाच्या भरात कोणी कोणाचा फेटा उडवला, तर पिढ्यान्‌पिढ्या तोंड बघायचे नाही. आणि एखाद्याने आपला फेटा काढून दुसऱ्याच्या पायाशी ठेवला, तर समजावे की त्याच्याजवळ ठेवण्यासारखे आणखी काहीच उरलेले नाही. दुकानदार मोठा मिश्कील होता. तो गिऱ्हाइकांना म्हणायचा, “टोपी माणूस दुसऱ्याला घालतो. फेटा मात्र स्वतःलाच बांधून घ्यावा लागतो!”

एके दिवशी एक गृहस्थ आले. डोळे सुजलेले होते. दुकानदाराने हळूच विचारले, “आनंदाचा पाहिजे की दुःखाचा?”

“दुःखाचा,” ते म्हणाले. “माझे मेव्हणे गेले. भाच्याच्या डोक्याला बांधायचाय. पण असा द्या, की पुढं आनंदालाही चालला पाहिजे. पोरगं लहान आहे हो.”

दुकानदार त्या वेळी विनोद करायला विसरला. त्याने मला काढून दिले.

ते ‘लहान पोरगं’ म्हणजे माझा धनी. घरात सगळे त्याला दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणतो. त्याला नुकते कुठे मिसरूड फुटत होते. वडील गवंडीकाम करायचे आणि ताप अंगावर काढता काढता गेले होते. मागे आई, दादा आणि आईच्या पदराआड उभा असलेला धाकटा भाऊ. मामांनी चार माणसांसमोर मला दादाच्या डोक्याला गुंडाळले आणि म्हणाले, “आजपासून ह्या घराचा कर्ता तू. रडायचं नाही.”

मी घसरून त्याच्या कानांपर्यंत आलो. मामांनी पुन्हा आवळून बांधले, तरी घसरलो. माझी बांधणी सैल नव्हती, मित्रांनो. डोके लहान होते. मघापर्यंत दादाला रडायची मुभा होती. मी डोक्यावर आलो आणि ती गेली. मी मान होतो म्हणतात. मला मात्र पहिल्याच दिवशी कळले, की मान हा ओझ्याला दिलेला चांगला शब्द आहे.

दादाची शाळा सुटली. थोडे दिवस त्याने विटा वाहिल्या. मग कोणीतरी सांगितले, की गावातल्या मोठ्या हॉटेलला दारात उभा राहायला उंच माणूस हवा आहे. दादा उंच होता. मॅनेजरने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाला, “उंची ठीक आहे. फेटा स्वतःचा? वा! आमच्याकडे शिवलेले तयार फेटे असतात, पण पाहुण्यांना खरा आवडतो. फक्त पांढरा नको. आपल्या गालिच्याला मॅच होईल असा रंग करून आण.”

असा माझा रंग ठरला. आनंदाचा नाही, दुःखाचा नाही, गालिच्याचा. रंगाऱ्याने मला मोठ्या हंड्यात बुडवले आणि मी गडद लालसर होऊन बाहेर आलो. दाराशी अंथरलेला गालिचा आणि दादाच्या डोक्यावरचा मी, आम्ही सख्खे भाऊ वाटावे असे झालो. फरक एवढाच, की एकावर लोक पाय देऊन जायचे आणि एकाकडे बघून हसून जायचे.

सकाळची वेळ तेवढी माझ्या आवडीची होती. मी लांबलचक, माझी घडी एकट्याला जमत नाही. एकाने एक टोक धरायचे, दुसऱ्याने दुसरे, आणि मधल्या अंगाला ताण देत निऱ्या घालायच्या. दादाचे एक टोक, धाकट्याचे दुसरे. धाकटा मुद्दाम जोरात ओढायचा.

“अरे, फाडशील!” दादा ओरडायचा.

“तूच ढिला धरतोस!”

“पाढे म्हण. नऊचा. चुकलास तर टोक सोडीन आणि आपटशील.”

धाकटा नऊचा पाढा म्हणत मागे मागे सरकायचा, आई चुलीपाशी हसायची. तेवढा वेळ दादा पुन्हा लहान व्हायचा. मग मी डोक्यावर चढलो, की तो मोठा.

दारातले काम बाहेरून सोपे दिसते. काचेचे जड दार, पितळेची मूठ. गाडी आली की पुढे व्हायचे, दार उघडायचे, कमरेत किंचित वाकायचे, हसायचे. पावसात छत्री पाहुण्यावर, पाणी आपल्यावर. दिवसभर बसायची सोय नाही. दादाच्या पोटऱ्यांवर शिरा दोरीसारख्या फुगल्या. घामाचे मीठ माझ्या आतल्या घडीत पांढरे होऊन बसले. त्याच्या कपाळावर माझी रेघ कायमची उमटली. रात्री मला खुंटीला टांगले तरी ती रेघ त्याच्या कपाळावरच असे. पाहुण्यांची मुले माझ्याबरोबर फोटो काढायची. “काय थाट आहे तुमचा!” असे म्हणत लोक दादाच्या हातात आपली बॅग द्यायचे.

त्या थाटावर धाकटा शिकला. शिकायला दूर गेला, तेव्हा दादाचे लग्न झालेले होते, म्हणून माझे दुसरे टोक वहिनीच्या हाती आले. ती बिचारी ओढत नसे. धाकटा इंजिनियर झाला, मोठ्या कंपनीत लागला, गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याचे घर झाले, लग्न झाले. भाऊ काय करतो असे कोणी विचारले, की तो म्हणायचा, “हॉटेल लाइनमध्ये आहे.” ऐकून वहिनी एकदा खळखळून हसली होती. “खोटं कुठं आहे? दारात का होईना, हॉटेलातच आहेत!” दादाही हसला. पण त्या रात्री त्याने मला खुंटीवर टांगताना नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात धरून ठेवले.

मग तो दिवस आला. धाकट्याच्या कंपनीची काहीतरी मेजवानी आमच्याच हॉटेलात ठरली होती. दादाला ते ठाऊक नव्हते. गाडी थांबली, दादा पुढे झाला, दार उघडले, आणि आतून धाकटा उतरला. मागून त्याचे तीन सहकारी.

दोघांची नजरानजर झाली. दादाचे ओठ हलले. पण धाकट्याने डोळे गालिच्याकडे वळवले, आणि दादाने ते पाहिले. तो कमरेत वाकला आणि म्हणाला, “या साहेब.”

सहकाऱ्यांमध्ये एक जाडजूड, गडगडाटी हसणारा माणूस होता. मनाने वाईट नसावा. काही माणसांना आपला आवाजच तेवढा ऐकू येतो. तो म्हणाला, “अरे, काय झकास फेटा आहे! ओ दरबान, द्या की जरा, फोटोपुरता.”

“साहेब, हा शिवलेला नाही. काढला की मोडतो,” दादा म्हणाला.

“अहो, एका मिनिटाचा प्रश्न आहे!” असे म्हणत त्याने दोन्ही हातांनी मला उचलले आणि धाकट्याच्या डोक्यावर ठेवले. “बघा, बघा! राजा दिसतोय की नाही? हसा साहेब, हसा!”

मित्रांनो, दुकानातल्या फेट्यांनी मला बरेच काही शिकवले होते, पण असे काही होईल हे कोणी सांगितले नव्हते. मी एका भावाच्या डोक्यावरून दुसऱ्या भावाच्या डोक्यावर आलो होतो, आणि आजूबाजूला लोक हसत होते. मी वरून दादाकडे पाहिले. इतकी वर्षे त्याच्या डोक्यावर राहूनही मी ते असे समोरून कधी पाहिले नव्हते. सगळे केस पिकले होते. धाकटाही तिकडेच बघत होता. दादा म्हातारा झाला आहे, हे त्यालाही तेव्हाच दिसले असावे. एक शब्द बोलला असता तर पुरे होते. ‘हा माझा भाऊ’, एवढेच.

“हसा की!” जाडा म्हणाला.

धाकटा हसला. फोटो निघाला. मग त्याने मला काढून दोन्ही हातांनी दादापुढे धरले आणि म्हणाला, “थँक्यू.”

“शोभला, साहेब,” दादा म्हणाला, आणि त्याने दार उघडून धरले.

तेवढ्यात मॅनेजर धावत आला. “उघड्या डोक्यानं दारात? पाहुण्यांसमोर? काय अवतार आहे हा!” दादाने खांबाआड जाऊन मला कसेबसे गुंडाळले.

संध्याकाळी वहिनीने बघताक्षणी विचारले, “आज कोणी बांधला हा?”

“मीच.”

“तुमचा हात असा नाही.”

दादा पाय गरम पाण्यात सोडून भिंतीकडे बघत बसला.

पुढच्या रविवारी धाकटा आला. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. डोळ्यांनी नीट दिसत नव्हते. तिने त्याचा चेहरा हातांनी चाचपला आणि म्हणाली, “वाळलास रे!” तो चांगला गुबगुबीत झाला होता. मग तो दादासमोर येऊन बसला.

“दादा, त्या दिवशी...”

“चहा घे आधी.”

“दादा, मला सांगायचं होतं. नाही जमलं.”

“मला तरी कुठं जमलं?” दादा म्हणाला. “मीही म्हणू शकलो असतो, हा माझा धाकटा. म्हटलं, चार लोकांत तुझी लाज राहू दे. इतकी वर्षं तेच करत आलो ना, सवय झाली.” त्याने चहाचा कप धाकट्यापुढे सरकवला. “रागावलो नाही रे मी. थकलोय.”

त्याने उठून मला खुंटीवरून काढले आणि धाकट्याच्या मांडीवर ठेवले. “हा घेऊन जा. मला हॉटेल शिवलेला देईल, दारात काय, कोणताही चालतो. आणि ऐक, मान म्हणून देत नाही मी हा. भार म्हणून देतोय. आईचं आता तू बघ. माझी पाठ आता तिला उचलू देत नाही.”

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आले. तो म्हणाला, “पुढच्या महिन्यात आईला घेऊन जातो. खोलीचं काम चालू आहे, तेवढं झालं की लगेच.”

त्या दिवशी तो मला घेऊन गेला. आई तिथेच राहिली. मला नेणे सोपे होते, मित्रांनो. मला औषध लागत नव्हते आणि रात्री पाणी मागायला मी कोणाला उठवत नव्हतो.

खोलीचे काम संपले. पण तिथे आईची खाट आली नाही. माझ्यासाठी काचेची पेटी आली. माझ्या पोटात रद्दी कोंबून मला गोल आकार दिला, टाचण्या टोचल्या, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवल्या, वर छोटा दिवा लावला. पाहुणे यायचे, धाकटा सांगायचा, “आमच्या घराण्याचा फेटा.” पाहुणे म्हणायचे, “वा, वारसा जपलात!” पुढचा महिना सरकत सरकत पुढच्या वर्षात गेला. दुपारचे ऊन खिडकीतून थेट माझ्या डाव्या अंगावर यायचे. लोक माझी इतकी काळजी घेत होते आणि मी काचेआड करपत होतो.

एका सकाळी फोन आला. धाकट्याने तो कानाला लावला. आई गेली होती. दादाच्या घरी, वहिनीच्या मांडीवर. थोड्या वेळाने धाकटा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने पेटीचे दार उघडले, मला हात लावला, आणि तसाच थांबला. त्याला मला बांधता येत नव्हते. लहानपणी त्याने नेहमी दुसरे टोक धरले होते. बांधायचे टोक त्याच्या हातात कधी आलेच नव्हते. त्याने पेटी बंद केली आणि उघड्या डोक्याने आईला पोचवायला गेला.

त्यानंतर तो माझ्याकडे बघायचे टाळू लागला. दिवा गेला, तो बदलला नाही. पाहुण्यांना माझ्याबद्दल सांगणेही थांबले.

आणि मग वहिनीचा फोन आला. माझ्या पेटीजवळच टेलिफोन होता, म्हणून तिचे बोलणे मला पुसटसे ऐकू आले. “भावजी, हे दारातच पडले. पितळेची मूठ धरायला गेले आणि बोटं मिटेचनात. उजवा हात गेलाय. तोंड वाकडं झालंय. मला एकटीला नाही हो उचलवत.”

मी वाट बघत होतो, आता ‘पुढच्या महिन्यात’ ऐकू येईल. धाकटा म्हणाला, “वहिनी, सामान बांधू नका. मी येतोय, तसेच निघायचं.”

तो गेला आणि इस्पितळातून सुटी मिळताच दोघांना घेऊन आला. माझीच खोली त्यांना दिली, कारण तिथून न्हाणीघर जवळ होते. सोफा बाहेर गेला, खाट आत आली. धाकटा ऑफिसला जाण्यापूर्वी दादाची दाढी करू लागला. पहिल्या दिवशी दोन ठिकाणी कापले. त्याची बायको म्हणाली, “अहो, माणूस ठेवू या का?” तो म्हणाला, “माणूसच तर आहे मी.” तिने मग तुरटीचा खडा आणून दिला.

डॉक्टरांनी बजावले होते, की निकामी हात लोंबकळत ठेवायचा नाही, खांदा निखळेल. त्यासाठी बाजारातून पट्टा आणला, पण तो मानेला काचायचा; दादाच्या मानेवर लाल वळ उठला. वहिनी तेल चोळत होती, तेव्हा दादाची नजर पेटीकडे गेली. त्याचे शब्द आता जाड उमटायचे.

“हा... इथं कशाला उभा केलाय? दरबान आहे का हा? काढ त्याला.”

धाकट्याने मला बाहेर काढले. टाचण्या काढल्या, रद्दी काढली आणि घडी उलगडायला गेला. टर्र असा आवाज झाला. मग आणखी एक. जिथे जिथे घडी होती आणि ऊन लागले होते, तिथे तिथे मी विरलो होतो. धाकट्याच्या हातात तुकडे आले. तो खाली जमिनीवर बसला आणि ओंजळीत मला धरून हमसून हमसून रडला, आईच्या वेळी राहून गेले होते तेही सगळे.

“दादा, फाटला रे. मी जपून ठेवला होता...”

दादा अर्ध्या तोंडाने हसला. “फाटणारच. कापड आहे ते, देव नाही.”

वहिनीने माझा आतला भाग हातात घेतला. जो वर्षानुवर्षे दादाच्या घामात भिजला होता आणि काचेआड उन्हापासून लपून राहिला होता, तो अजून धड होता. तिने तो गालाला लावून पाहिला. “किती मऊ झालाय,” ती म्हणाली. “भावजी, कात्री आणा बरं.”

तिने मला चौकोनी कापले, तिरके दुमडले. धाकट्याने माझी एक बाजू दादाच्या हाताखालून घेतली, दुसरी खांद्यावरून, आणि मानेमागे गाठ मारली. गाठ सुटली. पुन्हा मारली, तर दादाची मान वाकली. “मला फाशी देतोस का?” दादा म्हणाला, आणि तिघेही हसले. चौथ्यांदा की पाचव्यांदा जमली. दादाचा तो थंड, जड हात माझ्या कुशीत अलगद टेकला.

काही दिवसांनी धाकट्याच्या ऑफिसातले कोणीतरी घरी आले. दादा खिडकीशी बसला होता. पाहुण्याने विचारले, “हे कोण?”

“माझा मोठा भाऊ,” धाकटा म्हणाला. “मोठ्या हॉटेलच्या दारात उभा असायचा. तो उभा राहिला म्हणून मी इथं बसलोय.” त्याचा आवाज मधेच फाटला, पण त्याने वाक्य पुरे केले. दादा खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचा कान मात्र इकडे होता, हे मला त्याच्या श्वासावरून समजले.

तर मित्रांनो, आता मला फेटा म्हणायचे की नाही, हे तुम्हीच ठरवा. मी कोणाच्या डोक्यावर नाही. माझा रंगही उडत चालला आहे. मला धुतले की गालिचा थोडा थोडा निघून जातो. तुमच्या घरीही एखादी जुनी पगडी असेल, टोपी असेल, आजी डोक्यावरून घ्यायची ती शाल असेल. ती काचेत कोंडू नका. तिला वारा द्या, सावली द्या, अधूनमधून वापरा, तिची गाठ कशी बसते ते हातांना शिकवा. आणि तिच्याखाली जे डोके आहे, त्याच्याकडे आधी बघा. ते पिकले आहे का, वाकले आहे का, हे बघायला कोणी त्याचा फेटा ओढून काढेपर्यंत थांबू नका. मानाने पोट भरते, असे मी ऐकलेले नाही. पाठ तर त्याने मुळीच हलकी होत नाही. ओझे वाटून घेतले तरच हलकी होते.

आता पुरे करतो. दादाचा डोळा लागला आहे. त्याचा सगळा हात माझ्यावर आहे, आणि काल त्याच्या करंगळीने झोपेत माझी कड धरली होती. खरेच धरली होती की मला भास झाला, सांगता येत नाही. म्हणून आज मी अगदी न हलता वाट बघतो आहे.